कार्यालयीन इंग्रजीचा अर्थ कसा लावावा: नव्याने नोकरीस लागणाऱ्यांसाठी

पुण्यातील एखाद्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची किंवा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा चाकण येथे नोकरीस लागणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी येत नसते असे नाही. पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि मुलाखत हे सर्व त्यांनी इंग्रजीतूनच पार पाडलेले असते. अडचण निराळीच असते. पहिल्या आठवड्यातील बैठकीत ‘लेट्स टेक दिस ऑफलाइन’, ‘हू हॅज बँडविड्थ फॉर दिस’, ‘वी नीड टू अलाइन विथ द स्टेकहोल्डर्स’ अशी वाक्ये कानांवर पडतात, त्यांतील जवळपास प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, आणि तरीही बैठक संपल्यावर आपल्याला नेमके काय करायचे आहे हे समजलेले नसते. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटते की हा दोष आपल्या शाळेचा आहे. इंग्रजी माध्यमातून आलेले शेजारच्या खुर्चीवर तितकेच गोंधळून बसलेले असतात, फक्त ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

अशा शब्दांच्या अर्थांसह तयार याद्या पुष्कळ मिळतात. त्या पाठ करण्यात वेळ घालवू नये असे माझे मत आहे, कारण एकच शब्द दोन कंपन्यांत, कधी एकाच कंपनीच्या दोन मजल्यांवर, वेगळ्या अर्थाने वापरला जातो. त्यापेक्षा नवा शब्द ऐकला की त्याला तीन प्रश्न विचारावेत: यातून कोणी काम करायचे आहे, ते कधीपर्यंत करायचे आहे, आणि ते झाले नाही तर कोणाचे नुकसान होणार आहे. तिन्ही उत्तरे मिळाली तर शब्द समजला असे धरण्यास हरकत नाही. एखादे उत्तर मिळाले नाही तर तेवढेच विचारून घ्यावे. आणि एकही उत्तर मिळण्यासारखे नसेल, तर तो शब्द बहुधा बैठकीची शोभा वाढवण्यासाठी आला आहे असे समजून पुढे जावे. ‘सिनर्जी’, ‘पॅराडाइम शिफ्ट’, ‘मूव्ह द नीडल’, ‘नेक्स्ट लेव्हल’ हे शब्द अनेकदा या शेवटच्या वर्गात मोडतात.

परक्या भाषेतील कारभारी शब्दांचे ओझे या शहराला नवे नाही. पुण्यात जतन केलेले पेशवे दफ्तर चाळले तर फडणीस, चिटणीस, वसूल, बाकी, तपशील असे फारसी वळणाचे शब्द पानोपानी भेटतात; खुद्द ‘दफ्तर’ हाही त्यांतलाच. ते शब्द आपण इतके पचवले की आता ते परके वाटत नाहीत. म्हणून इंग्रजी परिभाषेपुढे दबून जाण्याचे कारण नाही, मात्र तिच्यातील कोणत्या शब्दाला वजन आहे आणि कोणत्याला नाही, हे ओळखण्याची सवय लावून घेणे भाग आहे.

ज्यांचा अर्थ करारात किंवा पद्धतीत ठरलेला असतो

काही शब्द ऐकायला फुगीर वाटले तरी त्यांचा अर्थ अगदी नेमका असतो, आणि तो अंदाजाने धरून चालत नाही. ‘एसएलए’ म्हणजे सेवेच्या दर्जाविषयी ग्राहकाशी झालेला करार. यात प्रतिसादाची मुदत आणि निवारणाची मुदत अशा दोन वेगळ्या मुदती असू शकतात. समजा ‘पी-वन’ म्हणजे सर्वांत गंभीर तक्रारीसाठी पंधरा मिनिटांत प्रतिसाद आणि चार तासांत निवारण असे ठरले असेल, तर ‘आम्ही पाहत आहोत’ एवढे वेळेत कळवल्याने पहिली अट पूर्ण होते, दुसरी होत नाही. मुदत चुकली की करारानुसार दंडही बसू शकतो. त्यामुळे सपोर्टच्या कामावर नेमणूक झाल्यास पहिल्याच दिवशी आपल्या प्रकल्पाच्या एसएलएचा तक्ता मागून घ्यावा. ‘एसओडब्ल्यू’ (स्टेटमेंट ऑफ वर्क), म्हणजे कामाची व्याप्ती ठरवणारा कागद, हा शब्दही असाच आहे: कोणते काम कराराच्या आत येते आणि कोणते येत नाही, हे त्या कागदात लिहिलेले असते. ग्राहकाने सहज म्हणून सांगितलेले छोटे काम त्या कागदाबाहेरचे असेल तर त्याला ‘स्कोप क्रीप’ म्हणतात, आणि ते परस्पर करून देणे हा चांगुलपणा मानला जात नाही. आपल्या वरिष्ठांना आधी विचारावे.

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘अजाइल’, ‘स्क्रम’, ‘स्प्रिंट’ हे शब्द दिवसातून अनेकदा ऐकू येतात. अजाइल म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करत नेण्याची पद्धत, आणि स्क्रम हा तिचाच एक प्रकार. अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा जणांनी मांडला. स्क्रम हा शब्द रग्बी खेळातला असून, उत्पादनविकासाच्या संदर्भात तो ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी 1986 साली वापरला. हा इतिहास ठाऊक नसला तरी काम अडत नाही, मात्र पुढील गोष्टी माहीत नसतील तर अडते. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक कालखंड. तो एका महिन्यापेक्षा मोठा नसतो आणि बऱ्याच ठिकाणी दोन आठवड्यांचा असतो. ‘डेली स्टँड-अप’ ही रोजची बैठक पंधरा मिनिटांची असणे अपेक्षित असते. तिथे काल काय झाले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे एवढेच सांगायचे असते. कालच्या अडचणीची सविस्तर कहाणी सांगण्याची ती जागा नव्हे. ‘ब्लॉकर’ म्हणजे जी अडचण आपल्याला स्वतःला सोडवता येत नाही ती. कठीण काम म्हणजे ब्लॉकर नव्हे.

याच पद्धतीतील एका शब्दावरून नव्यांचे आणि जुन्यांचे सर्वाधिक खटके उडतात. तो शब्द म्हणजे ‘डन’. आपण कोड लिहिला, आपल्या संगणकावर तो चालला, म्हणून ‘इट्स डन’ असे सांगितले जाते. वरिष्ठांच्या लेखी मात्र तो कोड दुसऱ्याने तपासला, चाचण्या उत्तीर्ण झाल्या, आवश्यक ती नोंद लिहिली गेली आणि तो मुख्य शाखेत, म्हणजे सर्वांच्या सामायिक कोडमध्ये, मिसळला, म्हणजे काम झाले. यासाठी अनेक चमू ‘डेफिनिशन ऑफ डन’ नावाची यादी करून ठेवतात. ती यादी कुठे आहे हे विचारून घ्यावे, आणि तशी यादीच नसेल तर ‘झाले’ म्हणण्याऐवजी कोणत्या टप्प्यापर्यंत झाले ते सांगावे.

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातील कारखान्यांची परिभाषा निराळी आहे. तिच्यात इंग्रजीबरोबर जपानी शब्दही आहेत, आणि ते प्रामुख्याने टोयोटाच्या उत्पादनपद्धतीतून जगभर पसरले. ‘गेम्बा’ म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम चालते ती जागा. ‘कायझेन’ म्हणजे लहान लहान सुधारणा सतत करत राहणे. ‘पोका-योके’ म्हणजे चूक होऊच नये अशी केलेली रचना, जसे भाग उलटा बसणारच नाही असे फिक्स्चर. साहेब ‘गेम्बावर जाऊन बघा’ म्हणतात तेव्हा केबिनमध्ये बसून मागवलेला अहवाल त्यांना नको असतो. ‘पीपीएम’ म्हणजे दहा लाख भागांमागे नाकारले गेलेले भाग; पाचशे पीपीएम म्हणजे दहा हजारांत पाच. हा आकडा पुरवठादाराची ऑर्डर टिकणार की नाही हे ठरवू शकतो, म्हणून तो चर्चेत आला की बैठकीतील हास्यविनोद थांबतो.

‘आरसीए’ म्हणजे मूळ कारणाचा शोध, आणि ‘कापा’ म्हणजे दोषनिवारक व प्रतिबंधक उपाय. हे दोन शब्द कारखान्यात आणि सॉफ्टवेअरमध्ये सारख्याच गांभीर्याने वापरले जातात. येथे नव्याने लागलेल्या अभियंत्याकडून हटकून होणारी गल्लत अशी की, तो ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ हे मूळ कारण म्हणून लिहितो आणि ‘ऑपरेटरला समज दिली’ हा उपाय म्हणून लिहितो. जाणता ग्राहक असा अहवाल परत पाठवतो. दुर्लक्ष झाले तरी चुकीचा भाग पुढे कसा गेला, तपासणीत का अडला नाही, असे एकामागून एक ‘का’ विचारत जाणे त्याला अपेक्षित असते. ‘फाइव्ह व्हाय’ म्हणतात ते हेच.

वेळ आणि आकडे

परिभाषेतील सर्वांत निरुपद्रवी दिसणारे शब्द वेळेचे असतात, आणि प्रत्यक्षात तेच महागात पडतात. ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, परंतु दिवस कोणाचा? न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार झालेले असतात. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे गेली की साडेतीन. आपल्याकडे घड्याळ बदलत नाही, त्यांच्याकडे बदलते, हे वर्षातून दोनदा लक्षात ठेवावे लागते. म्हणून उत्तरात ‘ईओडी’ असे न लिहिता वार, तारीख, वेळ आणि कोणत्या देशाची वेळ हे चारही लिहावे. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही, त्यामुळे तेथेही वार विचारावा.

04/05 ही तारीख आपल्यासाठी आणि ब्रिटिशांसाठी चार मे असते, अमेरिकेसाठी पाच एप्रिल. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटतो. ‘क्यू-वन’ म्हणजे आपल्या आर्थिक वर्षानुसार एप्रिल ते जून, परंतु जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष पाळणाऱ्या परदेशी कंपनीत तोच शब्द जानेवारी ते मार्च दाखवतो. ‘हे क्यू-वनमध्ये हवे आहे’ असे ऐकल्यावर तीन महिन्यांचा फरक पडू शकतो.

आकड्यांत मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी एवढे पक्के असावे. पुणे परिसरात जर्मन कंपन्या बऱ्याच असल्याने आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: जर्मन लिखाणात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी पूर्णविरामासारखा ठिपका वापरतात. तिकडून आलेल्या तक्त्यात 1.500 असे दिसले तर ते दीड नसून दीड हजार असू शकते.

सभ्यपणाचे पांघरूण

आता त्या शब्दांकडे वळू, ज्यांचा शब्दार्थ आणि हेतू यांत अंतर असते. ‘लेट्स टेक दिस ऑफलाइन’ याचा अर्थ हा विषय या बैठकीत नको असा आहे. त्यामागे कारणे मात्र निरनिराळी असू शकतात: विषय दोघांपुरताच आहे, वेळ संपली आहे, किंवा ग्राहकासमोर हे बोलायला नको होते. हे शेवटचे कारण असेल तर तिथेच थांबणे शहाणपणाचे. विषय आपल्या कामाचा असेल तर बैठक संपताच आपण होऊन पुढची वेळ मागावी, कारण ‘ऑफलाइन’ गेलेले विषय स्वतःहून परत येत नाहीत. ‘पार्क करूया’ आणि ‘सर्कल बॅक करू’ यांचेही तसेच. तारीख ठरली असेल तर विषय जिवंत आहे, तारीख नसेल तर तो बहुतेक निकालात निघाला.

‘डू यू हॅव बँडविड्थ’, म्हणजे या कामासाठी सवड आहे का, हा प्रश्न विनंतीच्या रूपात येतो, मात्र वरिष्ठाने विचारला असेल तर ते काम आपल्याकडे येऊ घातले आहे असे समजावे. अशा वेळी नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापेक्षा हातातील दोन कामांची नावे घेऊन त्यांपैकी कोणते मागे ठेवू असे विचारणे अधिक उपयोगी ठरते. ‘टेक ओनरशिप’ म्हणजे काम करा एवढेच नव्हे. ते पूर्ण होईपर्यंत इतरांचा पाठपुरावाही तुम्हीच करा, आणि अडले तर उत्तरही तुम्हीच द्या, असा त्याचा अर्थ होतो. अधिकार न देता ओनरशिप दिली जाते असे अनेकदा दिसते, म्हणून ती स्वीकारताना कोणाकडून काय मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे विचारून घ्यावे.

‘जेंटल रिमाइंडर’ पहिल्यांदा येतो तेव्हा तो खरोखर सौम्य असतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा नसतो. ‘ॲज पर माय लास्ट मेल’ म्हणजे मी आधीच सांगितले होते आणि तुम्ही वाचलेले नाही. मेलमध्ये ‘सीसी’ला अचानक तुमच्या वरिष्ठांचे नाव आले असेल तर मजकूर कितीही गोड असो, तक्रार वर गेली आहे. यालाच ‘एस्कलेशन’ म्हणतात. आपल्याकडे चहाडी म्हणून हा प्रकार मनाला लागतो, परंतु अनेक कंपन्यांत कोणत्या तासाला कोणाला कळवायचे याचा तक्ताच असतो आणि त्यानुसार कळवणे हे कर्तव्य असते. तक्त्याप्रमाणे झालेले एस्कलेशन व्यक्तिगत घेऊ नये. तक्त्याबाहेर, न विचारता झालेले असेल तर त्याचा विचार जरूर करावा.

परदेशी सहकाऱ्यांच्या बाबतीत देशपरत्वे फरक पडतो. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा बरे आहे, एवढेच त्याला म्हणायचे असू शकते, आणि ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणतो तेव्हा पुढे मतभेद येणार हे धरून चालावे. जर्मन सहकारी ‘दिस इज नॉट करेक्ट’ असे सरळ लिहितो, त्यात बहुधा राग नसतो. ‘टेबल’ या क्रियापदाने तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते: ब्रिटनमध्ये विषय टेबल करणे म्हणजे चर्चेस घेणे, अमेरिकेत त्याचा अर्थ विषय पुढे ढकलणे. भारतात संसदीय वळणाने पहिला अर्थ रुळलेला आहे. अमेरिकी ग्राहकाने हा शब्द वापरल्यास आपली टिपणे गुंडाळायची आहेत, उघडायची नाहीत.

माणसांविषयी आणि पगाराविषयी

या भागातील शब्द मनाला लागतात, म्हणून ते शांतपणे समजून घेतले पाहिजेत. ‘रिसोर्स’ म्हणजे माणूस. ‘आम्हाला दोन रिसोर्स हवे आहेत’ या वाक्यातील रिसोर्स तुम्ही आहात. मला स्वतःला हा शब्द आवडत नाही आणि तो वापरण्याची गरजही वाटत नाही, परंतु तो सर्वत्र आहे. ‘बिलेबल’ म्हणजे ज्याच्या वेळेचे पैसे ग्राहक देतो असा कर्मचारी, ‘बेंच’ म्हणजे सध्या कोणत्याही प्रकल्पावर नसणे, आणि ‘शॅडो’ म्हणजे दुसऱ्याबरोबर राहून काम शिकणे, ज्याचे पैसे सहसा ग्राहक देत नाही. ‘यू आर बीइंग रिलीज्ड’ ही मेल वाचून घरी फोन करण्याआधी पुढचे शब्द वाचावेत: प्रकल्पातून रिलीज होणे म्हणजे नोकरी जाणे नव्हे. ‘रॅम्प-डाउन’ म्हणजे ग्राहक त्या प्रकल्पावरील माणसे कमी करतो आहे. एवढ्याने काळजी करण्यासारखे काही नसते, पण बेंचवरचा काळ लांबू लागला तर मात्र आपण होऊन अंतर्गत जागांची चौकशी सुरू करावी.

‘राइट-सायझिंग’, ‘रिस्ट्रक्चरिंग’, ‘रॅशनलायझेशन’ या तिन्हींतून बहुतेक वेळा कपातच सांगायची असते. ‘पीआयपी’ म्हणजे कामगिरी सुधारण्याची मुदतबंद योजना. काही ठिकाणी तिचा हेतू खरोखर सुधारणेचा असतो, तर काही ठिकाणी ती बाहेर काढण्याची पूर्वतयारी असते. हेतू कोणताही असो, उद्दिष्टे, मोजमाप आणि तारखा लेखी मागाव्यात आणि प्रत्येक आढाव्यानंतर झालेले बोलणे मेलने कळवून ठेवावे. ‘व्हॉलंटरी सेपरेशन’ असा मथळा असलेल्या कागदावर त्याच बैठकीत सही करू नये. स्वतः राजीनामा देणे आणि कपातीत नोकरी जाणे यांचे परिणाम वेगळे असतात. कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरणाऱ्यांना कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळण्याची तरतूद आहे, आणि राजीनाम्याने तो हक्क राहत नाही. कागद घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागणे यात उर्मटपणा नाही.

‘सीटीसी’ या शब्दाने आतापर्यंत जितक्या घरांत पेढे वाटले गेले असतील, तितक्याच घरांत पहिल्या पगाराच्या दिवशी हिशेब मांडले गेले असतील. कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी. उदाहरणादाखल सहा लाखांचा सीटीसी घेऊ. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे तीन लाख धरले, तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा बारा टक्के वाटा 36,000 रुपये आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्क्यांची तरतूद 14,430 रुपये, हे दोन्ही त्यातच मोजलेले असतात. ‘व्हेरिएबल पे’ दहा टक्के असेल तर आणखी 60,000 रुपये वर्षाअखेरीच्या कामगिरीवर आणि कंपनीच्या निकालावर अवलंबून राहतात. उरलेल्या 4,89,570 रुपयांचे महिन्याला सुमारे 40,800 होतात. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा 3,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसायकर 200 वजा झाला की हातात सुमारे 37,600 रुपये येतात. सहा लाखांना बाराने भागून मनात धरलेले पन्नास हजार येत नाहीत. प्रत्येक कंपनीची रचना वेगळी असते, म्हणून नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी ‘मंथली इन-हँड’ किती आणि ‘व्हेरिएबल’ मागील वर्षी किती टक्के दिले गेले, हे दोन प्रश्न एचआरला विचारावेत.

वार्षिक मूल्यमापनातील ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ हा शेरा वाईट नसतो, तो बहुसंख्यांना मिळतो. ‘बेल कर्व्ह’, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरावीक प्रमाणात श्रेण्या वाटण्याची पद्धत, वापरणाऱ्या कंपनीत वरच्या श्रेणीच्या जागा आधीच मर्यादित केलेल्या असतात.

आपण स्वतः वापरतो ते इंग्रजी

दुसऱ्यांची परिभाषा समजून घेताना आपलीही तपासावी. ‘प्रीपोन’, ‘डू द नीडफुल’, ‘आउट ऑफ स्टेशन’ हे भारतात सर्वांना समजते, बाहेर समजेलच असे नाही. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणताना आपल्याला शंका विचारायची असते, ऐकणाऱ्या परदेशी माणसाला मात्र आपण त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवतो आहोत असे वाटू शकते. त्याऐवजी ‘क्वेश्चन’ म्हणावे. ‘आय पास्ड आउट इन 2024’ याचा अर्थ तिकडे शुद्ध हरपणे असा होतो. सर्वांत जपून वापरण्याचा शब्द ‘रिव्हर्ट’ आहे. आपण ‘प्लीज रिव्हर्ट’ असे लिहितो तेव्हा उत्तर द्या असे म्हणायचे असते, आणि प्रोग्रामरच्या भाषेत रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणे. ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द लास्ट चेंज’ हे वाक्य तिकडच्या अभियंत्याने शब्दशः घेतले, तर चांगला चालणारा बदल काढून टाकला जाईल आणि चूक त्याची म्हणता येणार नाही.

एक मेल उलगडून पाहू

समजा अशी मेल आली: ‘टीम, ॲज डिस्कस्ड, लेट्स अलाइन ऑन द डिलिव्हरेबल्स. प्लीज टेक ओनरशिप ऑफ द आरसीए अँड शेअर बाय ईओडी. कॉस्ट पार्ट वी कॅन टेक ऑफलाइन. लूपिंग इन फायनान्स फॉर व्हिजिबिलिटी.’

पहिल्या वाक्यात काय काय द्यायचे आहे यावर एकमत व्हावे असे म्हटले आहे, याचा अर्थ आज ते एकमत नाही. यादी कोणाकडे आहे, ते विचारावे लागेल. दुसऱ्या वाक्यात ‘प्लीज’ कोणाला उद्देशून आहे हे लिहिलेले नाही, आणि ‘टू’ मध्ये चार जणांची नावे असतील तर चौघेही दुसरा करेल असे समजून गप्प बसतील. तिसऱ्या वाक्यातून खर्चाविषयी मतभेद आहेत असे दिसते. चौथे वाक्य वाचताना सावध राहावे: वित्त विभागाला फक्त माहितीसाठी घेतले आहे असे म्हटले असले, तरी आता या साखळीतील प्रत्येक आकडा त्यांच्यासमोर असणार आहे, तेव्हा अंदाजाचा आकडा लिहू नये.

उत्तर तीन ओळींत देता येते: ‘जस्ट टू कन्फर्म, आय विल प्रिपेअर द आरसीए अँड सेंड इट बाय सिक्स पीएम इंडिया टाइम, थर्सडे. आय नीड द लॉग्ज फ्रॉम द नेटवर्क टीम बाय वेनस्डे नून. प्लीज शेअर द लेटेस्ट लिस्ट ऑफ डिलिव्हरेबल्स.’ यात एकही परवलीचा शब्द अर्थाविना आलेला नाही, आणि कोण, काय, कधी हे सारे आले आहे. मुदत आजची होती ती गुरुवारवर नेली आहे, हेही लपवलेले नाही. चालत नसेल तर समोरचा कळवील.

विचारावे कसे, लिहून काय ठेवावे

बैठकीत हात वर करून ‘याचा अर्थ काय’ असे विचारण्यास संकोच वाटतो, आणि तो समजण्यासारखा आहे. शब्दाचा अर्थ विचारण्याऐवजी आपल्याला काय समजले ते सांगावे, म्हणजे चुकीचे असल्यास दुरुस्ती होते आणि अज्ञानही उघडे पडत नाही: ‘सो माय नेक्स्ट स्टेप इज टू टेस्ट द लॉगिन पेज बाय फ्रायडे, करेक्ट?’ एवढे पुरते. पुण्यातील बहुतेक चमूंत मराठी किंवा हिंदी बोलणारा कोणीतरी ज्येष्ठ सहकारी असतोच. बैठकीनंतर कँटीनमध्ये त्याला मराठीत विचारले तर तो पूर्वपीठिकेसह सांगतो, आणि ती पूर्वपीठिकाच अधिक मोलाची असते. सगळे इंग्रजीत बोलत असताना अमराठी सहकाऱ्यासमोर मात्र मराठीत कुजबुजू नये.

स्वतःची एक वही किंवा फाइल ठेवावी. तिच्यात शब्द, तो ज्या पूर्ण वाक्यात ऐकला ते वाक्य, आणि त्यानंतर प्रत्यक्षात काय घडले, एवढे लिहावे. तिसरी नोंद सर्वांत उपयोगी. ‘लो-हँगिंग फ्रूट’, म्हणजे सहज होणारे काम, म्हणून दिलेल्या कामाला तीन आठवडे लागले असतील, किंवा ‘क्विक कॉल’ दीड तास चालला असेल, तर आपल्या ऑफिसात त्या शब्दांचा अर्थ काय आहे हे त्या नोंदीवरून कळते. काही महिन्यांनी ही वही कोणत्याही तयार यादीपेक्षा भरवशाची होते.

स्वतः बोलताना आणि लिहिताना परिभाषा कितपत वापरावी, याविषयी माझा सल्ला काटकसरीचा आहे. एसएलए, आरसीए, स्प्रिंट यांसारखे नेमके शब्द जसेच्या तसे वापरावेत, कारण त्यांना पर्याय शोधल्यास गोंधळ वाढतो. ‘लिव्हरेज’ ऐवजी ‘यूज’ आणि ‘सर्कल बॅक’ ऐवजी ‘आय विल कॉल यू ऑन मंडे’ म्हटल्याने काहीही बिघडत नाही. भोसरीतल्या लघुउद्योजकाशी किंवा कामगारांशी बोलताना तर शॉपवरची, म्हणजे कारखान्यातली, त्यांची रोजची भाषाच वापरावी. रिजेक्शन, रीवर्क, सेटिंग हे शब्द त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळतात, ‘स्टेकहोल्डर अलाइनमेंट’ हे त्यांच्या कामाचे नाही.

शेवटी एक खबरदारी. न समजलेली मेल अर्थ लावण्यासाठी मोबाइलवरील एखाद्या मोफत भाषांतर साधनात किंवा चॅटबॉटमध्ये चिकटवण्याचा मोह होतो. रुजू होताना ज्या गोपनीयतेच्या करारावर, म्हणजे ‘एनडीए’वर, सही केलेली असते, त्याचा त्यामुळे भंग होऊ शकतो. ग्राहकाचे नाव, आकडे, उत्पादनाचा तपशील काढून टाकून फक्त अडलेले वाक्य विचारावे, किंवा कंपनीने मान्य केलेले साधन कोणते आहे हे आयटी विभागाला विचारून तेच वापरावे.